चिंचेखालचा सत्कार

"अक्का, पोरांना उठू देऊ नको," सुमन म्हणाली. तिचा आवाज जाड झाला होता. ओठ सुजून बाहेर आले होते. मधमाश्या तिच्या केसांत, कानांत, मानेवर, सगळीकडं होत्या, आणि ती सतरंजीच्या कडेवर मांडी घालून बसली होती. सतरंजीच्या आत आमच्या धर्मवर्गाची पोरं होती.

"बाई, उठू का?" आतून एका पोरीचा आवाज आला.

"उठलीस तर टाळकं फोडीन," मी ओरडले.

मी दुसऱ्या कडेवर बसले होते. माझ्या डोक्यावरून शाल होती. अर्ध्या तासापूर्वीच ती माझ्या खांद्यावर घातली होती, सत्कार म्हणून. सुमनलाही तशीच मिळाली होती, पण आता तिच्या अंगावर नव्हती. आम्ही कडा दाबून बसलो नसतो तर सतरंजी वर झाली असती आणि माश्या आत गेल्या असत्या. म्हणून दोघीही हलत नव्हतो. आम्ही दोघी आत शिरू शकत नव्हतो, तेवढी जागाच नव्हती.

हे कसं झालं ते आता सांगते.

मी कॅटेकिस्ट. म्हणजे धर्मशिक्षिका. फादर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करतात, सिस्टर दवाखाना बघतात, आणि गावोगाव फिरून पोरांना प्रार्थना, दहा आज्ञा, येशूच्या गोष्टी शिकवायचं काम आमचं. आमची पॅरिश, म्हणजे एका फादरकडं असलेली सगळी गावं, लांबच लांब पसरलेली आहे. काही गावं तुळजापूरकडं, काही पार आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं. प्रत्येक गावात कॅथलिकांची चार-पाच घरं. एस.टी. मिळाली तर एस.टी., नाहीतर पायी. वर्ग कुणाच्या ओसरीवर भरतो, नाहीतर झाडाखाली. माझं शिक्षण चौथी. मला कामावर घेतलं तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी एकच विचारलं होतं, "तुला पाठ होतं का?" होत होतं. झालं.

सुमन माझ्यानंतर आली. ती वाशीकडची गावं करायची, मी तुळजापूरकडची. आमचं दोघींचं एका गोष्टीवरून कायम भांडण. मिस्सामध्ये फादर पवित्र भाकर वर उचलतात तेव्हा सगळ्यांनी गुडघे टेकायचे असतात. सुमन त्याची कवायत घ्यायची. नोहाची गोष्ट रंगात आलेली असायची, पोरं तोंड उघडं टाकून ऐकत असायची, आणि ही मध्येच ओरडायची, "गुडघे टेका!" सगळ्यांनी तिथल्या तिथं टेकायचे, मान खाली घालायची. जो शेवटचा टेकेल त्यानं वर्ग झाडायचा. पोरं तिला मागं गुडघेबाई म्हणायची.

"ही काय पोलिसांची परेड हाय का?" मी म्हणायची. "भक्ती मनातनं येऊ दे की."

"अक्का, मनातनं यायची वाट बघितली तर निम्मी पोरं इकडंतिकडं बघत बसत्यात," ती म्हणायची. "कानावर पडलं की गुडघा खाली गेला पायजे. मन येतंय मागनं."

हे भांडण आम्ही वर्षानुवर्षं चालवलं. आम्हाला त्यात मजाही येत असावी.

मग नवीन फादर आले. तरुण, उत्साही. ते म्हणाले, "मार्थाबाई, पॅरिश तुमच्यासारख्या बायांवर उभी आहे. तुमचा दोघींचा सत्कार करायचा."

मी म्हणाले, "फादर, सत्कार राहू द्या. वर्गाला एक फळा द्या."

"फळाही देतो, सत्कारही करतो."

सत्कार झाला. फळा अजून यायचा आहे.

रविवारचा दिवस ठरला. सगळ्या गावांहून लोक येणार, आमचं चर्च लहान, म्हणून मिस्सानंतरचा कार्यक्रम आवारातल्या चिंचेखाली. पॅरिश कमिटीचे दानिएलभाऊ यांनी जमिनीवर एक लांब सतरंजी अंथरली. पुढं पोरं, मागं बापेमाणसं, बाजूला बाया. आम्हा दोघींना खुर्च्या. चिंचेवर आग्या मोहोळ होतं. ते सगळ्यांना माहीत होतं. दर वर्षी तिथंच बसतं. त्याखाली लग्नं झाली आहेत, पंगती उठल्या आहेत. ते वर असतं, आपण खाली असतो. कधी कुणाला चावलं नव्हतं.

शाली झाल्या, नारळ झाले. दानिएलभाऊंनी भाषण केलं. त्यात माझ्या वयाबद्दल ते जे बोलले ते खोटं होतं, मी तेवढी म्हातारी नाही. मग फादर म्हणाले, "आज मी या दोघींना धूप देणार आहे."

आमच्यात धूपदान असतं. साखळीला टांगलेलं पितळी भांडं, आत निखारे, वर लोबान. चर्चमध्ये वेदीला धूप देतात, शुभवर्तमानाच्या पुस्तकाला देतात, जमलेल्या लोकांनाही देतात. हा मोठा मान आहे. पण तो चर्चच्या आत, छपराखाली देतात. झाडाखाली धूपदान आणलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दानिएलभाऊंना वाटलं, मान मोठा तर लोबानही मोठा पाहिजे. त्यांनी मूठभर टाकला. त्या दिवशी वारा पडला होता. धूर सरळ वर गेला.

कुणी वर पाहिलं नाही. सगळे आमच्याकडं बघत होते, आणि आम्ही, मान मिळत होता ना, ताठ मानेनं समोर बघत होतो.

पहिली माशी फादरच्या डोळ्याजवळ चावली. दुसरी, तिसरी कुणाला चावली ते सांगता येत नाही. नंतर आवाज आला. पिठाची गिरणी सुरू होते तसा. लोक उठले आणि पळाले. बापेमाणसं पुढं, बाया लेकरं उचलून मागं. बहुतेक चर्चमध्ये शिरले आणि दार आतून बंद झालं. दार कुणी लावलं ते मला माहीत आहे. त्याचा राग नाही. आत तान्ही लेकरं होती. मीही लावलं असतं.

पोरं पुढं होती म्हणून मागं राहिली. ती उठून चारी बाजूंना पळणार, एवढ्यात सुमन ओरडली. माइक नव्हता, तरी तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

"गुडघे टेका!"

सगळी पोरं खाली. माना खाली. रडत होती, पण टेकलेली होती. एकमेकांना चिकटून, मेंढ्या बसतात तशी.

"अक्का, मागची सतरंजी!" सुमन म्हणाली.

मागची अर्धी सतरंजी रिकामी पडली होती. आम्ही दोघींनी ती उचलून पोरांच्या डोक्यांवरून पुढं आणली, पाकिटासारखी बंद केली. एक चिमुरडी बाहेर राहिली होती. सुमननं स्वतःची शाल काढली, तिला गुंडाळलं आणि बोचकं ढकलावं तसं आत ढकललं. मग कडेवर बसली. तिच्या डोक्यावर पदर होता तोही सुटला होता.

"नमो मरिये म्हणा," ती आतल्या पोरांना म्हणाली. "मोठ्यानं. जो थांबल त्यो मला कळतो."

पोरं म्हणायला लागली. सतरंजीखालून प्रार्थना अशी येत होती की जमीन बोलतेय असं वाटावं. मला चावत होत्याच, पण शालीमुळं कमी. सुमनला चावताना मी बघत होते. हात हलवायची नाही, झटकायची नाही. एकदा मी माझी शाल तिच्याकडं टाकायला गेले तर म्हणाली, "तुझी कड उचलली. बस खाली."

थोड्या वेळानं तिचा आवाज बंद झाला. मी बघितलं तर ती एका अंगावर कलंडली होती. अंगाचा भार मात्र कडेवरच होता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"सुमनबाई गप का झाल्या?" आतून विचारलं कुणीतरी.

"त्या ऐकत्यात कोण थांबतंय ते," मी म्हणाले. "म्हणा पुढं." आणि मीच मोठ्यानं म्हणायला लागले.

शेजारच्या रानात शिवलिंगअण्णांचं घर आहे. महादेवाचे भक्त, कपाळावर भस्म, घरात निम्मं कानडी बोलतात. आमच्या चर्चमध्ये ते कधी आले नव्हते, पण आमच्या बोअरचं पाणी त्यांच्या जनावरांना जातं. ते अंगावर घोंगडं घेऊन, हातात पेटलेला ओला पाचोळा घेऊन आले.

"बाई, हात हलवू नका. धूर करतो म्या."

"अवो, धुरानंच उठल्यात त्या!"

"तुमचा धूर पातळ. त्यो चिडवायचा. ह्यो हाकलायचा हाय."

त्यांनी आमच्या दोन्ही बाजूंना पाचोळ्याचे ढीग लावले. धूर एवढा दाट झाला की मला सुमन दिसेना. खोकून जीव चालला होता, पण माश्या उठत गेल्या. मग त्यांनी सुमनला घोंगड्यात उचललं आणि त्यांच्या कांद्याच्या पिकअपमध्ये ठेवलं. चर्चचं दार उघडलं होतं. सिस्टर आणि बाया पळत आल्या, सतरंजी उघडली, पोरांना आत नेलं. मी पिकअपमध्ये चढले, फादरही चढले. त्यांचा एक डोळा पूर्ण बंद झाला होता.

तुळजापूरला रविवारी काय गर्दी असते ते सांगायला नको. सोलापूरच्या गाड्या, त्यात रिक्षा, त्यात देवीच्या परड्या घेतलेल्या बाया. पिकअप अडकला. अण्णांनी मुंडकं बाहेर काढून आरडाओरडा केला. एक पुजारी रस्त्यात आला, आत डोकावला, सुमनचं तोंड बघितलं. पुढं काही विचारलं नाही. तो पिकअपच्या पुढं पळत सुटला, गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत. "सरक बाजूला! बाई मरायलीय!" मरायलीय म्हणाला त्याचा मला राग आला होता. आता येत नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, नाकावर ऑक्सिजन.

"किती माश्या चावल्या?" तिनं विचारलं.

"मोजत बसले न्हवते."

"मावशी, घसा आतून सुजलाय. संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही."

फादर कोपऱ्यात रडायला लागले. "मी धूप आणायला नको होता."

"फादर, रडायचं मागनं," मी म्हणाले. "आदी तिच्या ल्योकाला फोन लावा. पुण्याला असतोय."

फोन झाल्यावर त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल. लोकांना वाटतं हा संस्कार मरणाऱ्याचा आहे. आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो, मरणाऱ्याचा नाही, आजाऱ्याचा आहे, बरं वाटावं म्हणून. मी स्वतः शेकडो वेळा हे सांगितलंय. पण ती बाटली बघितली आणि मी भिंत धरली. फादरनी तिच्या कपाळाला तेल लावलं. हाताला लावलं. कपाळ इतकं सुजलं होतं की तेल ओघळून कानात गेलं. अण्णा दारात उभे होते. त्यांनीही हात जोडले.

ऊन उतरलं तेव्हा तिच्या श्वासाची शिट्टी कमी झाली. डॉक्टरीण आली, बघून गेली. जाताना तिचं चालणं सैल झालं होतं. नंतर सुमननं एक डोळा चिरेएवढा उघडला. ओठ हलले. मी कान लावला.

"मदी कोण उठत हुतं?" ती म्हणाली.

"ते मागनं सांगते. आदी श्वास घे."

"वर्ग झाडायला लाव तिला," ती म्हणाली, आणि झोपली.

मी त्या दवाखान्याच्या फरशीवर बसून रडले. फादरना रडू नका म्हणाले होते ते तेव्हा आठवलं नाही.

सत्काराचं राहिलेलं निम्मं पुढं चर्चच्या आत उरकलं. धूप नव्हता. फादरनी अण्णांनाही शाल दिली. ती घेताना अण्णांनी आधी छताकडं नजर टाकली, तेव्हा सगळे हसले. डॉक्टरीणबाईंना आम्ही बोलावलं होतं, त्यांना ड्यूटी होती. त्या पुजाऱ्याचं नाव कळलं नाही. दोन-तीनदा विचारत गेले होते, सापडला नाही. त्याचे आभार मी रोज माझ्या पद्धतीनं मानते.

आता माझ्या वर्गातही गुडघ्यांची कवायत होते. सुमन विचारते, "काय अक्का, मनातनं येती का भक्ती?" मी म्हणते, "येतीय मागनं."

एवढ्यातून मी शिकले ते एवढंच: कुणाला मान द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण आधी वर बघा.

सतरंजीखालच्या एकाही पोराला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. सुमनला न्यावं लागलं, आणि सुमन जगली.