सुधाकर दोरा जाळायचा

माझा धाकटा भाऊ सुधाकर गेल्याची खबर मला आलापल्लीत चहाच्या टपरीवर मिळाली, आणि सांगणारा हसत होता. "भाऊ, तुमचे गोळावाले सर मोहर्लीले खतम झाले म्हणते." म्हणजे मेल्यावरही त्याला नाव नव्हतं, गोळावालाच होता. कपातला चहा मी पुरा प्यायलो. असल्या माणसासमोर रडायची आमच्या घरात रीत नाही.

मी चौथी शिकलो, धान पिकवलं, त्याला शिकवलं. फिजिक्समध्ये एमएस्सी होऊन तो कॉलेजात तासिकेवर लागला. त्याच्याकडे एकच विषय, तोही ऐच्छिक... पृथ्वी आणि आकाशाचं भौतिकशास्त्र. ऐच्छिक म्हणजे पोरांनी घेतला तर आहे. नाही घेतला तर विषयही नाही, मास्तरही नाही. बाजूच्या खोलीत पर्यटनाचा विषय, तिकडे पोरांची रांग. आमचा सुधाकर दरवर्षी घरोघर फिरून पोरं मागायचा.

पोरं यावी म्हणूनच त्यानं गोळा टांगला. कॉलेजचं छत ठेंगणं, म्हणून आमच्या शिवेवरचा उंच साग निवडला. गोळाफेकीच्या लोखंडी गोळ्याला कडी जोडून घेतली, फांदीवरून तार सोडली. हातानं झोका द्यायचा नाही, म्हणे हाताचा धक्का वाकडा लागतो. गोळा बाजूला ओढून दोऱ्यानं खुंटीला बांधायचा आणि काडी लावून दोरा जाळायचा. मग गोळा आपोआप झुलायचा, आणि खाली आखलेली चुन्याची रेघ सोडून हळूहळू बाजूला सरकायचा.

"पाय दादा, गोळा नाई वळला, जमीन वळली."

"जमीन फिरते तं माहं धान काऊन नाई सांडत?"

"धानबी तुह्यासंगं फिरून राह्यलं ना!"

पोरं माझ्यावर हसली. हसू द्या. त्या वर्षी विषय वाचला.

पण गावच्या बायांनी काय पाहिलं? सर येतात, रेघ पुसू नये म्हणून चप्पल काढतात, वाकून काडी लावतात. झालं! गोळ्याला कुंकू लागलं, मग नारळ, मग नवसाचे दोरे. शेजारच्या कमलाबाईनं नवऱ्याच्या दुखण्यासाठी दोरा बांधला. एका सकाळी सुधाकरनं सगळे दोरे कापले, गोळा ओल्या फडक्यानं पुसला. त्याच आठवड्यात तिचा नवरा गेला. त्याचं लिव्हर कधीचंच सडलं होतं, डॉक्टरनं आधीच घरी पाठवलं होतं... ते कोण ऐकतो? पोरांसमोर येऊन ती उभी राहिली.

"सर, तुमी गोळ्याचं कुंकू पुसलं. माह्यंबी पुसलं."

पुढच्या वर्षी एकाही बापानं पोराला तो विषय घेऊ दिला नाही. विषय बंद, मास्तर घरी. गावानं गोळाही काढू दिला नाही. मोहर्लीत वाघ पाहायला आलेल्यांना कोणत्या जिप्सीत बसायचं ते सांगायच्या कामाला तो लागला, आणि तिथंच छातीत कळ येऊन पडला. वाघवाल्यांची सकाळची फेरी चुकली नाही म्हणतात.

तेरवीला अख्खं गाव जेवलं. मी पंगतीत वाढत होतो. "देवाले हात लावला, सुटन का?" असं माझ्या पाठीमागे बोलून त्याच तोंडानं भाजी मागत होते. मी वाढली. पोटभर वाढली.

आता मी रोज सकाळी त्या सागाखाली जातो. गोळ्यावर नवसाचे नवे दोरे असतातच. चप्पल काढतो, रेघ आखतो, त्यातलाच एक दोरा सोडवून गोळा खुंटीला बांधतो आणि काडी लावतो. परवा मागे कमलाबाई होती, हात जोडून.

"सुधरले भाऊ तुमी. पूजा कराले लागले."

"गप बस, अन् रेघ पाय."

बसली. ऊन वर आलं तोवर गोळ्यानं रेघ सोडली होती.

"कोनं ढकलला?"

"कोनीच नाई. जमीन वळली."

तिनं वाकून जमिनीला हात लावला आणि तोच आपल्या मोकळ्या कपाळाला लावला... मी गोळ्यावरचा दुसरा दोरा सोडवायला घेतला.