आंटींच्या ओट्यावरची चीर

माझ्या नवऱ्याला वाटतं, तोआ पायोह भागातलं भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट पूर्ण परत मिळालं ते आंटींच्या चांगुलपणामुळे. त्याचा हा समज मी कधी दूर केला नाही. खरं काय झालं ते त्याला नाही, आईला नाही, कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे — आणि सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

आंटी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. चिनी, सत्तरी ओलांडलेल्या. नवरा वारल्यावर त्या दोन ब्लॉक पलीकडे मुलीकडे राहायला गेल्या आणि स्वतःचा फ्लॅट आम्हाला दिला. आम्ही तिथे तीन वर्षं काढली. आंटी कधी भेटायला आल्या की हातात संत्र्यांची पिशवी असायची. एकदा खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, कॉफी पिताना त्या मला म्हणाल्या, "माझी मोठी बहीण शेवटी पोटच्या मुलांनाही ओळखेना. मी रोज उठल्यावर नातवंडांची नावं म्हणून बघते." हसत म्हणाल्या, पण मग बोटांवर मोजत सगळी नावं पुन्हा एकदा म्हटली. म्हणजे मला माहीत होतं. हे आधी सांगितलेलं बरं — मला सगळं माहीत होतं.

गणपतीत मी नारळ फोडायला म्हणून ओट्याच्या कडेवर आपटला आणि सिंकजवळ ग्रॅनाइटला वीतभर चीर गेली. नवरा म्हणाला, "सांगून टाक त्यांना. डिपॉझिटमधून कापतील, कापू देत." मी हो म्हटलं. सांगते, सांगते करत आठ महिने गेले. मग आम्हाला ऑफिसजवळ, बुओना व्हिस्टाला घर मिळालं.

किल्ल्या द्यायच्या दिवशी नवरा सामानाच्या लॉरीबरोबर पुढे गेला होता. आंटी आणि त्यांची मुलगी आल्या. मुलीच्या हातात आम्ही राहायला आलो तेव्हाची यादी होती — काय मोडकं, कुठे डाग. आंटींनीच लिहिलेली. ओट्यापाशी ती थांबली. "ही चीर यादीत नाही," म्हणाली. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं.

पैशांची अडचण नव्हती हो. मग का? इतके महिने लपवलं याची लाज? की एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी मला खोटारडी म्हणेल याची भीती? तोंडातून मात्र न अडखळता निघालं — "आंटी, ही तर पहिल्याच दिवशी मी तुम्हाला दाखवली होती. तुम्ही बोट फिरवून बघितलंत. जुनी आहे, राहू दे म्हणालात. आठवतंय ना?"

ते बोट फिरवणं मी का घातलं त्यात? त्याशिवायही निभावलं असतं.

आंटींनी ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर हलवली नाही. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "हो, हो. दाखवली होतीस तू. मीच लिहायची विसरले. सॉरी हं."

मुलगी यादी सोडून आईकडेच बघत राहिली. निघताना लिफ्टपाशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही तिला किती सांभाळून घेता. थँक यू."

आठवड्याच्या आत सगळी रक्कम खात्यात आली.

वर्षभराने ती मुलगी एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर भेटली. आंटी आता एकट्या बाहेर पडत नाहीत, म्हणाली. बँकेचं कार्ड, किल्ल्या त्यांनी आपणहून तिच्या हवाली केल्या. डॉक्टरांनी तपासलं — वयोमानाने होतं तेवढंच विसरणं, त्यापलीकडे काही सापडलं नाही. "पण तिला ते पटतच नाही. येईल त्याला सांगते, माझ्याच स्वयंपाकघरातली एवढी मोठी चीर मी विसरले."

माझी गाडी यायला चार मिनिटं होती. समोर बोर्डावर दिसत होतं. चार मिनिटांत काय सांगता येत नाही? मी म्हटलं, "मी आठवण काढली म्हणून सांगा त्यांना."

याला दोन वर्षं झाली. आंटी आहेत अजून. मुलीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी तो लावलेला नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याला एवढंच सांगितलं — आंटींची मुलगी भेटली होती, आंटी बऱ्या आहेत म्हणाली.