मंगळवारची बोहनी

लखनौला आल्यावर आम्ही सरोजिनी नगरच्या बाजूला, कानपूर रोडपासून थोडं आत, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. यांची सरकारी नोकरी, ऑफिस शहरात. सकाळी बस धरून हे गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि माझी लहान मुलगी. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्या बोलायला लागल्या की मी नुसती हसून मान हलवायची. हिंदी मला कळायची, तोंडातून निघायची नाही. खरं तर मराठीही फार निघायची नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही मागे बसून गप्प राहणाऱ्या मुलींतली मी एक.

भाजी आधी हेच आणायचे. एका हिवाळ्यात ऑफिसचं काम वाढलं आणि हे म्हणाले, "मंगळवारचा बाजार तू करत जा. जवळच तर आहे." पहिल्या दिवशी मी दारातून दोनदा परत फिरले. पण गेले, आणि दोन-तीन मंगळवारांत अशी स्थिती झाली की सोमवारी रात्रीच मी पिशवी धुऊन दोरीवर टाकायची. आठवड्यात मी एकटीने जावं अशी तेवढी एकच जागा होती.

बाजार मोठा नव्हता. कडुलिंबाच्या दोन झाडांखाली आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आपापला माल घेऊन बसायचे. धुकं इतकं असायचं की आधी मुळ्याचा पांढरा रंग दिसायचा आणि मग मुळे विकणारा माणूस. ओला बथुआ म्हणजे आपला चाकवत, शेपू-मेथीच्या जुड्या, मातीसकट नवे बटाटे, मटारचे ढीग. आमच्याकडे असा मटार कधी पाहिला नव्हता. तो शिजायच्या आधीच अर्धा संपायचा, कारण माझी मुलगी परातीपाशी बसून सोलता सोलताच दाणे खायची.

दुसऱ्या कडुलिंबाखाली एक म्हातारी बसायची. सगळे तिला अम्मा म्हणायचे. तिच्यासारखी भाजी मांडणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. ओलं पोतं अंथरायची, त्यावर पालेभाज्यांची देठं एका बाजूला, पानं एका बाजूला. प्रत्येक जुडी भाताच्या काडीने बांधलेली आणि गाठ खालच्या बाजूला. मध्ये भरताची मोठी जांभळी वांगी. ओरडून गिऱ्हाईक बोलवायची नाही. गाय आली तर तिच्याशीही हळू आवाजात बोलायची, "जाव महारानी, आगे देखो," आणि गाय खरोखर पुढे जायची.

तिच्या शेजारी एक बटाटेवाला बसायचा, तिच्याच गावचा. तो दिवसभर बोलायचा आणि ती दिवसभर त्याला गप्प करायची.

अम्मा बोहनी फार मानायची. सकाळची पहिली विक्री कोणाच्या हातून होते यावर दिवस कसा जाईल हे ठरतं, असं तिथले सगळेच मानत. पण अम्माचा हट्ट वेगळा. पहिलं गिऱ्हाईक तिच्या मनात भरलं नाही तर ती सरळ सांगायची, "अभी दुकान लगी नहीं है, घूम के आव," मग भाजी समोर मांडलेली का असेना. एकदा तिने एका चांगल्या कपड्यांतल्या बाईंना असं परत पाठवलं. बटाटेवाला म्हणाला, "अम्मा, साहब की घरवाली हैं।" अम्मा म्हणाली, "साहब अपने घर मा। इनके हाथ से बोहनी करी तो शाम तक गाली खाब।" त्या बाईंनी नंतर खरंच पलीकडच्या भाजीवाल्याशी भावावरून इतकं भांडण केलं की मला अम्माच्या नजरेचं नवल वाटलं.

मी कशी भाजी घ्यायची ते सांगायला हवं. मी पिशवीचं तोंड उघडून ती जमिनीवर ठेवायची, काय हवं ते बोटाने दाखवायची आणि दोन पावलं मागे सरायची. अम्मा भाजी पिशवीत टाकायची, मी पैसे पोत्याच्या कडेला ठेवायची. इतर बायका खाली बसून वांगी दाबून बघत, मुळ्याचं टोक मोडून बघत, मटार तोंडात टाकत. मी कधी कशाला हात लावला नाही.

आमच्या गावात आमच्या लोकांना असंच सामान घ्यावं लागायचं. दुकानदार वरून टाकायचा. ढिगाला हात लावायचा नाही, पिशवी खाली ठेवून मागे व्हायचं. चालायला शिकवावं तसं आईने मला हे शिकवलं होतं. पुढे मी लहान असतानाच आमच्या लोकांनी धर्म बदलला. घरातले देव गेले, राहणी बदलली, मुली शाळेत गेल्या. पण ते मागे सरणं माझ्या पायांतच राहिलं होतं. मला ते कळतही नव्हतं.

अम्मा आधी मला दुलहिन म्हणायची, आपण सूनबाई म्हणतो तसं. मग एका मंगळवारी म्हणाली, "का चाही, पंडिताइन?" मला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणते आहे. मागे पाहिलं तर कोणी नव्हतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. बटाटेवाल्यानेही सुरू केलं.

मी घरी यांना सांगितलं. हे आधी हसले. मग जेवता जेवता हसू गेलं. म्हणाले, "म्हणू दे. तू काही बोलू नकोस."

"पण मी बामणाघरची नाही ना."

"ते सांगशील तर पुढचा प्रश्न येईल. मग काय सांगशील?"

हे घर मिळायच्या आधी आम्ही शहरात एक खोली पाहिली होती. घरमालकिणीने चहा दिला, आडनाव विचारलं. मराठी आडनावावरून तिला काही उमगेना, म्हणून तिने सरळ जात विचारली. यांनी सांगितली. तेव्हा तिला आठवलं की ती खोली भाच्यासाठी ठेवली आहे. 

"त्रास होत असेल तर भाजी मी आणतो पुन्हा," हे म्हणाले.

मी घाईने म्हणाले, "नको. मीच जाईन."

पुढचा मंगळवार थंडीचा होता. मी नेहमीसारखी पिशवी ठेवली आणि मागे झाले. बटाटेवाला मोठ्याने म्हणाला, "अम्मा, जरा बच के। पंडिताइन आई हैं, कहीं छू न जाव।" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. अम्मा हसली नाही. तिने दोन वांगी उचलली, एक फिरवून पाहिलं, परत ठेवलं, त्याहून चांगलं घेतलं आणि पिशवीत टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हमरे छुए से साग खराब नहीं होत, पंडिताइन। घर जाय के धोय लिहौ।"

मी घरी येईपर्यंत रडले नाही, पण रस्ता नीट दिसत नव्हता. तिला वाटत होतं की मी तिला अस्पृश्य मानते. म्हणून मी लांब उभी राहते, म्हणून तिच्या हातात पैसे देत नाही. मला बाजारातून कोणी हाकलेल याची भीती होती, आणि इथे तीच माझ्यामुळे दुखावली होती. त्यातून मला एक गोष्ट जास्त लागली. इतके दिवस मनात असं असूनही तिने मला कधी किडकं वांगं दिलं नव्हतं. आताही, मला टोचून बोलताना, तिचा हात चांगलंच निवडत होता. मी भाजी चिरायला घेतली, तर एकही फोड टाकावी लागली नाही.

तो आठवडा मी कणीक मळताना, कपडे धुताना हिंदीतली तीच चार वाक्यं म्हणून पाहत होते. मुलगी विचारायची, "आई, किससे बात कर रही हो?" ती तोवर माझ्याशी हिंदीतच बोलायला लागली होती. यांना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली असती. आणि मी न बोलता जात राहिले असते तर बाजार टिकला असता, पण अम्मासमोर मी कायमची पंडिताइन झाले असते. बोलले तर कदाचित ती म्हणेल, अभी दुकान लगी नहीं है.

मंगळवारी मी उजाडताच गेले. लोक अजून टोपल्या उतरवत होते. अम्मा पोतं अंथरून जुड्यांवर पाणी शिंपडत होती. मी पिशवी खाली ठेवली नाही. छातीशी धरून उभी राहिले.

"अम्मा, मैं पंडिताइन नहीं हूँ।"

तिने वर पाहिलं. मी इतक्या दिवसांत तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"हमारे गाँव में हम लोगों को ऊपर से डालते थे," मी म्हणाले. "पीछे खड़े रहना पड़ता था। ढेर को हाथ नहीं लगाना। वही आदत है। आपसे छुआछूत नहीं है।" पाठ केलेलं संपलं, तशी मी पिशवी आणखी घट्ट धरली.

बटाटेवाला पोतं सोडता सोडता थांबला. अम्मा काही वेळ पाणी शिंपडत राहिली. एकाच जुडीवर शिंपडत होती, ती चिंब झाली.

"तौ इतने दिन बोलिउ काहे नाहीं?"

"डर लगता था।"

"हमसे?" तिने बटाटेवाल्याकडे पाहिलं. "सुनत हौ? हमसे डरात रहीं। हमार आपन बहू आज तक नाहीं डरानी।"

बटाटेवाला खाली मान घालून म्हणाला, "हम तो मजाक करत रहे, भाभी।"

"तोहार मजाक तोहरे आलू जैस है," अम्मा म्हणाली, "आधा माटी।" मग मला म्हणाली, "खड़ी काहे हौ? बैठो।"

मी बसले. पोत्याच्या इतक्या जवळ की ओल साडीला लागली.

"बोहनी नाहीं भई है अबहीं," ती म्हणाली. "भंटा छाँटो। अपने हाथ से।"

भंटा म्हणजे वांगं. मी हात पुढे केला, तो मध्येच थांबला, मग पुन्हा पुढे केला. वांगी गार होती, त्यांच्यावर दव होतं. कसं निवडायचं ते मला येत नव्हतं. आयुष्यात कधी निवडलंच नव्हतं. मी सगळ्यांत मोठं आणि चकचकीत उचललं. अम्मा काहीतरी बोलणार होती, पण तिने ओठ मिटले. मी पैसे पोत्याच्या कडेला ठेवायला वाकले, तेव्हा तिने हात पुढे धरला. मी तिच्या तळहातावर पैसे ठेवले. ते तिने कपाळाला लावले, तराजूला लावले आणि पदरात बांधले.

मी घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे बसची वेळ विसरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "वांगं दाखव." मी चिरून दाखवलं. मधोमध अळी होती. किती तरी दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो.

तरी पुढच्या मंगळवारी जाताना मी पावलं हळूच टाकत होते. माझ्या हातून बोहनी झाली त्याच दिवशी दुपारी पाऊस आला होता. हिवाळ्यातला पाऊस, लोक घराबाहेर पडले नव्हते. मला वाटत होतं, अम्मा त्या पावसाचा दोष माझ्या हाताला देत असेल.

ती जुड्या मांडत होती. मी जाऊन समोर बसले आणि म्हणाले, "अम्मा, बैंगन में कीड़ा निकला।" अशी तक्रार मी त्याआधी कोणाकडे केली नव्हती.

"औ हमार आधा टोकरा वापस गवा रहा," ती म्हणाली. "हिसाब बराबर।"

बटाटेवाल्याने मान लांब केली. "अम्मा, आज फिर इन्हीं के हाथ से? पिछले हफ्ते का भूल गईं?"

"पानी बादर से गिरत है," अम्मा म्हणाली, "इनके हाथ से नाहीं। तुम आपन आलू देखो।" मग वांग्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. "दबाय के देखो, दुलहिन। डंडी के नीचे। चमक न देखो। औ जल्दी करो, बोहनी का बखत है।"