पेजेला फोडणी

सुनंदावहिनींचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे. तुआसच्या शिपयार्डात मला नोकरी लागली ती त्यांच्या यजमानांच्या शब्दावर. इथे परदेशात आलो तेव्हा महिनाभर जेवलो त्यांच्याच घरी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. उपकार विसरायचे नाहीत, हे शाळेत शिकलेला. म्हणून बुकित तिमाहच्या त्यांच्या कॉन्डोत, वीसेक मराठी बायकांसमोर त्या म्हणाल्या, "तू बस रे पहिला. पेज काय, तुमच्याकडे रोजचीच असेल," तेव्हा सगळ्या हसल्या आणि मीही हसलो. तीन वर्षं हसत आलो होतो. 'तुमच्याकडे' म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

पेज अक्कांची होती. सेरंगूनला ज्यांच्या फ्लॅटमध्ये मी खोली घेऊन राहतो, त्या श्रीलंकेच्या तमिळ बाई. तिथल्या यादवी युद्धाच्या शेवटी त्यांचा नवरा आणि थोरला मुलगा गेले. वेढ्यात अडकलेल्यांना तेव्हा तांदूळ आणि पाणी, एवढंच मिळत होतं. दरवर्षी अक्का आणि त्यांच्या ओळखीच्या बायका तशीच पेज शिजवतात. एकेक पळी वाढताना एकेका मेलेल्याचं नाव घेतात. कबरी नाहीत. फलक नाही. या बायका गप्प बसल्या तर ती माणसं जन्मलीच नव्हती.

वहिनींना हे फार 'टचिंग' वाटलं. त्यांनी 'युद्ध आणि स्त्री' अशी संध्याकाळ ठरवली. अक्कांना आणि पेजेचं पातेलं मीच घेऊन आलो; गरम करायला वहिनींनी ते आत नेलं.

अक्कांनी पळी हातात घेतली. "कुमरन," म्हणाल्या. मुलाचं नाव.

"नावं नकोत हं अक्का," वहिनी इंग्रजीत म्हणाल्या. "ती माणसं आम्हाला कुठे माहीत? तुम्हाला काय वाटलं ते सांगा. आणि कुणी मारलं वगैरे राहू दे. पॉलिटिकल होतं."

डोळे टिपायला टिश्यू तयार होते. टाळ्या तयार होत्या. मेलेले तेवढे नको होते.

माझी आई अशीच नावं घेते. गावातल्यांनी आमची गावकुसाबाहेरची वस्ती जाळली, त्यात गेलेल्यांची. वहिनींना एकदा सांगायला गेलो होतो. "जुनं उकरू नये रे," म्हणाल्या आणि भात वाढला. मी जेवलो.

अक्का पातेल्यात बघत होत्या. वर तूप तरंगत होतं. जिरं, कढीपत्ता.

"हे कुणी घातलं?"

"मीच फोडणी दिली," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "अगदीच पाणचट होती हो."

अक्कांनी पातेलं उचललं, किचनच्या सिंकमध्ये पालथं केलं.

"माझी माणसं तूप खाऊन मेली नाहीत."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "समजाव तुझ्या या बाईला. आणि तुला इथे कुणी उभं केलं, ते विसरू नकोस."

मी पातेलं विसळलं. "चला अक्का," म्हटलं. लिफ्ट येईपर्यंत आतलं हसणं ऐकू येत होतं.

त्या रविवारी वहिनींना पत्र पाठवलं:

"सौ. वहिनींस नमस्कार. आपण जेवू घातलंत ते लक्षात आहे. घासाबरोबर काय काय गिळायला लावलंत, तेही. मी आता आपल्याकडे येणार नाही. आपल्या साहेबांना माझी नोकरी काढून घ्यायची असेल तर त्यांनी खुशाल प्रयत्न करावा. सुट्टीत गावी जातो आहे. वस्तीत जळालेल्यांची नावं आईकडून शिकून घेईन. जाळणाऱ्यांचीही तिला पाठ आहेत. पुढच्या वर्षी अक्कांच्या पेजेला, त्या बायकांमध्ये बसून दोन्ही नावं मोठ्याने घेणार आहे. आपण आलात तर ऐकून घ्यावं लागेल."