चतुर्थीचा चांद आणि चारशे पट

दुर्बीण घेताना खोक्यावरचा आकडा वाचायचा नसतो. हे मला आता कळतं.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. आमच्या बेटावरच्या बो बासें गावातल्या एका दुकानात दोन दुर्बिणी होत्या. एकीचं भिंग मोठं, लाकडी पाय भक्कम, पण खोकं अगदी साधं. दुसरीच्या खोक्यावर कडं घातलेला शनी आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘चारशे पट’!

‘‘मिस्ये, आकडा बघू नका,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘भिंग बघा. पाय हलवून बघा. पहिल्यांदाच घेताय ना?’’

‘‘मला जास्त दाखवणारी द्या!’’ मी म्हणालो. (मला वाटलं, ती साधी खपत नाही म्हणून माझ्या गळ्यात मारतोय.)

आमच्या गावी, कार्तिए मिलितेरला, घरी आणून ती अंगणात उभी केली, तर तिचे पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे लटपटायला लागले. त्यात दिवस गणेश चतुर्थीचा! आत गणपती बसलेला, आणि रोझ बेल गावची मंडळी दुसऱ्या दिवशी मला बघायला यायची होती. मुलगी शाळेत शिकवणारी, वत्सला. फोटो पाहूनच मी वेडा झालो होतो.

चतुर्थीचा चांद बघितला की खोटा आळ येतो, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. म्हणून दिवेलागणीला चांदाकडे पाठ करून मी दुर्बीण लावली. पाय डगमगले, नळी फिरली आणि डोळ्यात लख्ख पांढरा गोळा!

‘‘आई गं! चांद दिसला!’’

आई मोदकाच्या पिठाच्या हातांनीच धावत आली. ‘‘मेल्या! आजच बघायचा होता? उद्या तुला चोर म्हणतील, दारुडा म्हणतील! पोरगी गेली हातची!’’

‘‘पण उलटा दिसला गं! या दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं, पुस्तकात लिहिलंय.’’

‘‘मग आळ काय सुलटा येणार? जा, शेजारच्या पत्र्यावर खडा मार. चार शिव्या खा, म्हणजे दोष जाईल!’’

शेजारी तांतीन लुसी, म्हणजे लुसी मावशी. आख्ख्या गल्लीत न चिडणारी एकच बाई, आणि माझ्या नशिबी नेमकी तीच! मी खडा मारला. ठण्ण!

‘‘मांजर असेल,’’ ती आतून म्हणाली.

दुसरा मारला. तांतीन बाहेर आली. ‘‘काय रे पोरा, मो गार्सों?’’

‘‘तांतीन, मला शिव्या द्या ना!’’

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आतून केळ्याचा केक आणून दिला.

मी रडकुंडीला आलो. तिसरा दगड चांगला मुठीएवढा घेतला. तो पत्र्यावर आपटला, उसळला आणि रस्त्यावर नुकत्याच थांबलेल्या मोटारीच्या टपावर धाडकन पडला!

‘‘कोण रे ते माकड? डोळे फुटले काय तुझे? गाढवा, बाहेर ये!’’

ओरडत मोटारीतून वत्सलाच उतरली. मागून तिचे वडील. म्हणे, आलोच आहोत तर गणपतीचं दर्शन आजच घेऊ!

‘‘शिव्या दिल्यान!’’ दारात आईने हात जोडले. ‘‘दोष गेला!’’

‘‘दगड मारणारा जावई मला नको,’’ वडील म्हणाले. तिथेच रस्त्यावर मी सगळं खरं खरं सांगून टाकलं.

वत्सलाने विचारलं, ‘‘चांद कसा होता?’’

‘‘गोल! ताटाएवढा!’’

‘‘चतुर्थीचा? गोल?’’

चार पिढ्यांत आमच्या घरात चतुर्थीचा चांद कोणी बघितलेलाच नाही. तो कोरीएवढा असतो हे सांगणार कोण? वत्सलाने अंगणात येऊन दुर्बिणीला डोळा लावला आणि खो खो हसत सुटली. ‘‘अहो, हा नाक्यावरचा दिवा आहे!’’

देवा, काय जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! चांद दिसलाच नव्हता, म्हणजे खोटा आळ यायचा प्रश्नच नव्हता. (दगडाचा आळ तर खराच होता.) वडीलही अखेर हसले. ‘‘पोरगा खोटं बोलत नाही,’’ म्हणाले आणि मोदकाला बसले.

त्याच आठवड्यात लग्न ठरलं. पुढे दुर्बीण बदलायला वत्सलाच दुकानात गेली. तिने पाय हलवून पाहिले, भिंग पाहिलं, आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दुर्बिणीतून आजही शनीचं कडं स्पष्ट दिसतं. बायकोची निवड आयुष्यात एकदाच चुकली, आणि तेव्हा तिच्यासमोर दुर्बीण नव्हती, मी होतो.