बीकर नसलेला व्हिडिओ

ॲसिडमध्ये पाणी ओतू नका, अंगावर उडतं, हे कर्जतच्या कॉलेजात मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. तरी त्या दिवशी प्रॅक्टिकलला खोपोलीची एक विद्यार्थिनी ॲसिडच्या बीकरवर पाण्याची बाटली वाकवत होती. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

“मूर्ख आहेस का?”

“सर, रीलमध्ये असंच हाय!”

वर्गात कोणीतरी मोबाइलवर हे टिपलं आणि संध्याकाळी माझाच व्हिडिओ शेजारच्या दहिवलीपर्यंत पोचला. त्यातून बीकरचा भाग कापून टाकला होता. उरला माझा हात आणि तिचा घाबरलेला चेहरा. तिने खाली कमेंटमध्ये खरं काय ते लिहिलं. कोण वाचतंय?

परवा दुसऱ्या एका मुलीने ॲसिडवर ओतायला तशीच पाण्याची बाटली उचलली. “थांब!” मी ओरडलो. हात मात्र पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.