नाक आधी, मग माणूस

"नाक आधी, मग माणूस," असं येरोनिमास नेहमी म्हणायचा. लिंडनच्या मऊ लाकडाचा ठोकळा मांडीत धरला, पटाशी हातात घेतली की पहिला घाव घालायच्या आधी हे वाक्य ठरलेलं. मुखवट्यात सर्वांत उंच जागा नाकाची. तिथं हात बसला की डोळे, गाल, हनुवटी आपसूक उतरत जातात. तिथं चुकलं, तर पुढं कितीही कानस फिरवा, लाकूड मुकंच राहतं. पुढं पुढं तो हे माणसांबद्दलही बोलायला लागला. गावात नवा पोस्टमन आला, नवा पाद्री आला, तरी येरोनिमास एकदा त्याच्या नाकाकडं बघायचा आणि त्याचा स्वभाव सांगून मोकळा व्हायचा.

आमच्या झेमाइतिया प्रांतात हिवाळा आपण होऊन जात नाही, त्याला हाकलावा लागतो. फेब्रुवारीत उपासाचे दिवस लागायच्या आदल्या मंगळवारी सोंगं निघतात. बोकड, सैतान, करकोचा, डॉक्टर, विळा घेतलेला मृत्यू, असे सगळे घरोघर जातात, धिरडी खातात, बिअर पितात, आणि अंधार पडला की हिवाळा म्हणून गवताची बाई पेटवून देतात. आमच्या बेर्झुपे गावात या सगळ्यांच्या पुढं चालायचा तो ज्यू. ते सोंग येरोनिमासचं. मुखवटा त्याच्या बापानं कोरलेला, वीतभर नाकाचा, मेंढीच्या कातड्याची दाढी लावलेला. कोटाच्या आत उशी बांधून कुबड काढायचं आणि दारोदार जाऊन घासाघीस करायची. गंजलेला खिळा चांदीचा म्हणून विकायचा, बाईची कोंबडी तिलाच विकायची, आणि शेवटी झाडूचा मार खाऊन पळायचं. हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखायच्या. माझ्याही दुखल्या आहेत.

ऐंशीच्या खालच्या एकाही माणसानं गावात कधी ज्यू पाहिलेला नव्हता. पण तो कसा चालतो, कसा बोलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारण येरोनिमास तसा चालायचा.

दर जानेवारीत शाळेत जाऊन तो मुलांना मुखवटे कोरायला शिकवायचा. पगार नव्हता, मान होता. मंगळवारी तो पुढं आणि शाळेची सगळी पोरं मागं, असा त्याचा थाट. त्याला स्वतःचं मूल नाही. वर्षातल्या त्या एका दिवशी गावातली सगळी मुलं त्याची असायची.

इतिहास शिकवणारी विल्ते आमच्याच गावची. शिकायला शहरात गेली आणि परत आली, म्हणून लोकांना तिचं कौतुकही होतं आणि थोडी शंकाही. आता देशभरातल्या शाळांत असं चालतं, की सप्टेंबरात मुलांना जंगलातल्या खड्ड्यापाशी न्यायचं, जिथं लढाईच्या काळात ज्यूंना मारून पुरलं. एकेका गोट्यावर एकेक नाव लिहायचं, जे ज्यू त्या गावात राहत होते त्यांचं, आणि ते नाव मोठ्यानं वाचून गोटा तिथं ठेवायचा. विल्तेही नेते. त्या वर्षी पोरांनी गोटे ठेवले, नावं वाचली, काही रडलीही. मग जानेवारी आला, येरोनिमास ठोकळे घेऊन वर्गात आला, आणि चौथीतल्या एका मुलीनं विल्तेला विचारलं, की आपण ज्यांचे गोटे ठेवले, त्यांची नाकं काकांच्या मुखवट्यासारखी होती का?

विल्ते त्याच संध्याकाळी येरोनिमासच्या कार्यशाळेत गेली. तिनं आवाज चढवला नाही, असं तोच नंतर सांगायचा. चढवला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, गंमत आहे पोरी, कुणाच्या मनात काही नसतं. ती म्हणाली, तुमच्या मनात नसेलही. पण वरून सगळ्या शाळांना सांगितलंय की ज्यूंच्या द्वेषावर शिकवा, आणि मी शिकवते. धडा माझा अर्ध्या तासाचा, काका, आणि तुमचा दिवसभराचा. कोणता लक्षात राहील?

मग तिनं सरळ अट घातली.

"मुखवटा कोरा. नाकही कोरा. पण खऱ्या माणसाचं. या गावात राहून गेलेल्या एखाद्या ज्यूचा चेहरा करून आणा, मुलं तुमच्यामागं येतील. जुनाच आणलात, तर शाळा यंदा बाहेर पडणार नाही."

"एवढंच ना," येरोनिमास म्हणाला. "आठ दिवसांत देतो."

हातात कसब असलेला माणूस. त्याला हे आव्हान वाटलं.

पण चेहरा आणायचा कुठून? फोटो नव्हते. ज्यूंची घरं जळाली तेव्हा फोटोही जळाले, आणि आमच्या घरांत असलेच तर ते कुणी पुढं काढले नाहीत. ज्यू पाहिलेलं माणूस गावात एकच उरलं होतं, माझ्या सासूबाई, बार्बोरा. नव्वदी ओलांडलेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

येरोनिमास आला तो ठोकळा काखेत घेऊनच. स्टुलावर बसला, बूट न काढता. मी चुलीपाशी बटाटे सोलत होते.

"मावशी, तो काचा बसवणारा हिर्श आठवतो का गं?"

"न आठवायला काय झालं? तुझ्यासारखं चिखलाचे बूट घेऊन घरात यायचा नाही तो."

येरोनिमासनं बूट काढले. मग विचारलं, "नाक कसं होतं त्याचं?"

सासूबाईंनी डोळे मिटले. माझे बटाटे सोलून झाले, पाणी उकळलं, तरी त्या मिटलेल्याच. मला वाटलं डुलकी लागली.

"नाक होतं, एवढं नक्की," त्या शेवटी म्हणाल्या. "शिंकायचा. आमच्या कोठाराची धूळ त्याला सोसायची नाही."

आणि मग त्या बोलत राहिल्या. हिर्श पाठीवर लाकडी चौकट बांधून तीत काचा घेऊन फिरायचा. वारा असला की तिरका चालायचा, खेकड्यासारखा, नाहीतर वाऱ्यानं काचांसकट त्यालाच उचललं असतं. वारा फारच सुटला तर आमच्या कोठाराच्या आडोशाला उभा राहायचा आणि खडीसाखरेचा शेंगदाण्याएवढा तुकडा तासभर चघळायचा. मागून बघितलं की माणूस दिसायचाच नाही. काचांत ढग दिसायचे, आणि वाटायचं, आभाळाचा एक तुकडाच रस्त्यानं निघालाय. त्याची मुलगी बास्या शाळेत सासूबाईंच्या बाकावर बसायची. गणित आलं की वेणीचं टोक चावायची. परीक्षेच्या दिवशी वेणी ओली चिंब.

"आणि तिचं नाक?"

"कुणास ठाऊक बाबा."

येरोनिमासचा संयम सुटला. "अगं मावशी, एका बाकावर बसायचीस. वेणी आठवते आणि नाक आठवत नाही?"

"तुझ्या आईचं नाक आठवतं का तुला?"

मांडीवरच्या ठोकळ्यावरून त्याचा अंगठा नुसता फिरत राहिला, वर, जिथं नाक यायचं तिथं. त्याची आई गेल्याला चाळीस वर्षं झाली होती, आणि तिच्यावर त्याचा केवढा जीव होता हे गावाला माहीत आहे.

सासूबाईंनी त्याला उत्तरेच्या खिडकीशी बोलावलं. घर सासूबाईंच्या माहेरचंच, आणि ती काच हिर्शनं बसवलेली. जुन्या काचा असतात तशी, आतून पाण्यासारखी हललेली, पलीकडचं वेडंवाकडं दाखवणारी. खालच्या कोपऱ्यात काच धरून ठेवणारा लांबीचा लगदा भरताना त्यानं अंगठा दाबला होता. वरून कितीदा रंग बसला, तरी खळगा तसाच आहे. येरोनिमासनं त्यात आपला अंगठा ठेवला. मावला नाही. हिर्शचा हात लहान होता.

"लढाई लागली त्या उन्हाळ्यात त्यांना जंगलात नेलं," सासूबाई म्हणाल्या. "नेणाऱ्यांत आपल्या गावचेही होते. बास्यानं जाताना इकडं बघितलं. मी या काचेच्या अलीकडं होते." त्यांनी बाहीनं काच पुसली. "मग लढाई संपली. पहिली सोंगं निघाली, तेव्हा तुझा बाप ते नाक लावून दारात आला. मी हसले. चांगलं सोंग आणलं म्हणून दोन धिरडी जास्त दिली त्याला."

येरोनिमासनं बूट घातले. ठोकळा विसरून निघाला होता, मी दारात नेऊन दिला.

पुढचे दिवस त्याच्या कार्यशाळेतून पटाशीचा आवाज आला नाही. गावातले पुरुष त्याला समजवायला गेले. ट्रॅक्टरवाला आल्गिस म्हणाला, कुठलं तरी नाक काढ आणि म्हण हिर्शचं आहे, तपासायला कोण येतंय? येरोनिमास म्हणाला, लाकडाला कळतं. आल्गिस हसत बाहेर पडला आणि म्हातारा भ्रमला म्हणून सांगत सुटला.

मंगळवारी मी धिरड्यांचं टोपलं घेऊन शाळेत गेले. पटांगणात सोंगं जमली होती, तोंडातून वाफा निघत होत्या, मुलं वर्गाच्या खिडक्यांना चिकटून उभी. बाहेर पडायचं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. येरोनिमास आला तो मुखवटा न लावता, उघड्या तोंडानं. या दिवशी त्याचा स्वतःचा चेहरा गावानं कधी पाहिला नव्हता. थंडीनं लाल झालेला, साधा, म्हातारा चेहरा.

"तोंड घरी राहिलं का रे?" मृत्यूचं सोंग घेतलेल्या आल्गिसनं विचारलं.

त्यानं पोत्यातून बापाचा मुखवटा काढला. आल्गिसला वाटलं, आपल्याला याचा बेत कळला. तो म्हणाला, दे इकडं, गवताच्या बाईबरोबर जाळून टाकू, म्हणजे शाळाही खूश. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. येरोनिमासनं मुखवटा मागं घेतला.

"जाळायचा नाही. जाळला की उद्या तुम्हीच म्हणाल, असं काही नव्हतंच." मग तो विल्तेकडं वळला. "हा वर्गात ठेव. गोट्यांच्या धड्याला दाखव. कुणी कोरला विचारलं तर माझ्या बापाचं नाव सांग. कुणी घातला विचारलं तर माझं."

विल्तेनं मुखवटा दोन्ही हातांनी घेतला. बापाचं नाव असं पोरांसमोर ठेवणं आमच्याकडं सोपं नाही. ते तिलाही कळलं असावं. चौथीतली ती मुलगी मात्र खिडकीतून ओरडून विचारती झाली, काका, नवा कुठाय?

त्यानं ठोकळा तिच्या हातात दिला. त्यावर एकही घाव नव्हता.

"नाक सापडलं नाही," तो म्हणाला.

विल्तेनं दार उघडलं आणि मुलं बाहेर आली. पुढं कोण चालणार यावरून थोडी ओढाताण झाली, मग बोकड पुढं झाला. येरोनिमास बाजूला उभा राहिला. मुलं त्याच्या समोरून गेली, काहींनी हात हलवला, बहुतेकांचं लक्ष ढोलाकडं होतं. शेवटचं पोर वळणाआड गेल्यावर तो आमच्या घराकडं वळला. मी रिकामं टोपलं घेऊन त्याच्या मागं.

आमच्याकडं रीत आहे, सोंगाशिवाय धिरडं नाही. सासूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि दोन वाढली. त्यानं उभ्यानंच खाल्ली. मग खिशातून लांबीचा गोळा काढला आणि खिडकीचा वरचा कोपरा, जिथून वारा यायचा, तो बुजवला. खालच्या कोपऱ्याला हात लावला नाही. वरची लांबी बोटानं सारखी केली, अंगठा दाबायचा म्हणून उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"येतो, मावशी."

"सावकाश जा. निसरडं आहे."

तो गेला. दुरून ढोल ऐकू येत होता, पण तो त्या बाजूला गेला नाही, कुंपणाच्या कडेनं घरच्या वाटेला लागला. समोरून वारा होता, म्हणून थोडा तिरका चालत होता. सासूबाई हिर्शच्या काचेला कपाळ टेकून बघत होत्या, मी त्यांच्या खांद्यावरून. त्या हललेल्या काचेत तो कधी लांब व्हायचा, कधी आखूड. एकदा मागं वळला, तेव्हा त्याचं नाक वीतभर झालं, आणि पुढच्या पावलाला चेहऱ्यावर नाकच राहिलं नाही. सासूबाई तो दिसेनासा होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.